मी ओट्यावर बसले होते

आमच्या घरात असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं म्हणजे नुसता अडाणीपणा नव्हता, दिलेला शब्द मोडणं होतं. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं हे घर. माझ्या सासूबाईंनी – आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो – घरातले देव स्वतःच्या हातांनी वैनगंगेत सोडले होते. अंगारा, उतारा, नजर काढणं, बाहेरची बाधा... सगळं एकदम बंद. मी लग्न होऊन आले ती त्यानंतर, आणि मला ते सोयीचंच वाटलं. मी शिवणकाम करणारी बाई. कापड मापात बसतं किंवा बसत नाही, मधलं काही नसतं. त्यामुळे वाचकांच्या अशा न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरासाठी लिहिताना चोरी केल्यासारखं वाटतं आहे. तरी लिहिते. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराची गोष्ट. बालाघाटला रेल्वे फाटकाच्या अलीकडे आमचं कौलारू घर. दोन खोल्या, मागे न्हाणी. पुढच्या खोलीचं दार रस्त्याकडे, दाराबाहेर दगडी ओटा. दारासमोरच्या भिंतीला लागून बाज आणि खिडकीपाशी माझी पायमशीन. बाजेवर पडलं की ओटा दिसायचा, ओट्यावरून बाज दिसायची. आमचे हे लाकडाच्या सरकारी डेपोत कारकून. घरात आत्याबाई, माझी लहान नणंद कुसुम – पाचवीत शिकणारी – आणि माझा पहिला मुलगा, पौषात जन्मलेला. नाव अजून ठरायचं होतं, सगळे बाबूच म्हणायचे.

बाबू रात्रभर रडायचा. दिवसा लग्नसराईचे ब्लाउज. झोप अशी सलग मिळतच नव्हती. मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि शिवण वाकडी गेली की जाग यायची. पण त्याचं कौतुक कोण करणार? सगळ्याच बायकांचं तसंच असतं, असं मीही म्हणायचे.

होळी आमच्या घरात बंद झाली होती. मोहल्ल्यात मात्र धुळवड जोरात. कुसुम सकाळपासून दाराच्या चौकटीला टेकून उभी. मैत्रिणी बाहेरून ओरडत होत्या, "कुसुम, निकल ना! डर गई क्या?" भावाने सांगितलं होतं, आपण रंग खेळत नाही. पोरगी उभीच राहिली. दुपारी गल्ली शांत झाली, मी बाबूला पाजून बाजेवर आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले.

स्वप्न पडलं. मी नदीवर कपडे धुऊन परत येत होते. काखेत पिळलेल्या ओल्या कपड्यांचा गठ्ठा, वर माझ्या आईचं हिरव्या काठाचं लुगडं. ते लुगडं तिरोडीला, माझ्या माहेरी असतं, इथे कसं आलं असा प्रश्न स्वप्नात पडला नाही. घराशी आले, ओट्यावर चढले, दारातून आत पाहिलं – तर आमच्या बाजेवर एक पुरुष झोपलेला. लालभडक तोंड, जाड मिशा. शेजारी एक तान्हं मूल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरत होते! डोक्यावरून पदर ओढला, मागे सरले आणि ओट्यावर बसले. घरातली बाई बाहेर येईल, तिला विचारू आमचं घर कोणतं...

त्या स्वप्नातून मी उठल्याचं मला आठवत नाही. हे मी विचार करून लिहिते आहे. ओट्यावर बसले, इथपर्यंत आठवतं. त्यानंतर जी उठली ती बाजेवर होती, बाबू रडत होता, आणि आमचे हे दारात उभे राहून पोट धरून हसत होते.

"आरशात पाह्य एकदा," ते म्हणाले.

आरशात माझ्या ओठांवर बाबूच्या काजळाच्या भल्यामोठ्या मिशा, गालांना गुलाल. कुसुमचे उद्योग. तिला रंगवायला मोहल्ल्यात कोणी नव्हतं, घरात मी सापडले. मी हसले. म्हणजे आरशातली बाई हसली.

आत्याबाई मागच्या दाराने आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि कुसुमच्या थोबाडीत दिली. त्यांनी तिला कधी बोटही लावलेलं नव्हतं.

"माय, काहून मारते तिले?" हे म्हणाले. "गंमत केली पोरीनं."

"झोपल्या मानसाचं तोंड रंगवत नाईत."

"का बरं?"

आत्याबाईंनी मला न्हाणीकडे बोट दाखवलं. हे जरा कडक झाले. "माय, हे सगळं आपन सोडलं नं?"

"हौ. सोडलं," म्हणून त्या आत गेल्या.

मी तोंड धुतलं. विषय संपला. पुढे किती तरी काळाने मला कळलं की जुन्या लोकांत तसा नियमच होता. झोपेत माणसाचा जीव फिरायला जातो म्हणे, आणि परत आल्यावर तोंड ओळखू आलं नाही तर आत शिरत नाही. घराने हे सोडलं तेव्हा कुसुम लहान होती. काय करू नये हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगणं म्हणजे ते मानणं झालं असतं.

मला त्या दिवसापासून काय झालं ते सांगणं कठीण आहे, कारण काहीच झालं नाही. मी स्वयंपाक करत होते, ब्लाउज शिवत होते, बाबूला पाजत होते. फक्त हे सगळं कोणीतरी करतं आहे आणि मी जरा लांबून बघते आहे, असं. बोलले की आवाज शेजारच्या खोलीतून यायचा. बाबूला मांडीवर घेतलं की वाटायचं, कुणाचं मूल आहे, सांभाळायला दिलं आहे, नीट सांभाळलं पाहिजे. एकदा मशीनची सुई बोटातून आरपार गेली. मी पाहिलं. मनात आलं, या बाईच्या बोटात सुई गेली, आता ब्लाउजला रक्त लागेल. आधी ब्लाउजची मोकळी बाजू दूर सारली, मग चाक फिरवून सुई वर घेतली. दुखलं असेल. कुणाला दुखलं, ते सांगता येत नाही.

घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. मी मुळात कमी बोलणारी, कामाला वाघ. उलट हे म्हणाले, आताशा तू चिडत नाहीस.

दुपारी झोपताना मात्र मी तोंडावर पदर घ्यायला लागले. कुसुमचा भरवसा नाही आणि माशाही फार, एवढाच विचार. त्या दिवसांत मला एकही स्वप्न पडलं नाही.

एकदा कुसुम शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि मला मशीनवर बसलेली पाहून थबकली.

"वहिनी, तू आत कवा आली?"

"मी इथेच आहे."

"आत्ता त ओट्यावर होती. वल्ले कपडे घेऊन काहून बसते तिथं? वाळत टाक ना. कालबी तशीच बसली होती. ते हिरव्या काठाचं लुगडं कोनाचं व्हय?"

स्वप्न मी कोणालाही सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात आत्याबाई भांडी घासत होत्या, तो आवाज थांबला. माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. मी म्हणाले, "तुला ऊन लागलंय, पाणी पी," आणि बाही जोडायला घेतली.

वैशाखी पौर्णिमेला लांजीच्या जाऊबाई आल्या. माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे यांच्या थोरल्या भावाचं, तिथे बस स्टँडपाशी सायकलचं दुकान. जाऊबाईंची दोन मुलं जन्मताच गेलेली, पुढे काही झालं नाही. त्यांनी बाबूला घेतला तो दिवसभर खाली ठेवला नाही. संध्याकाळी, निघायच्या आदल्या दिवशी, सगळ्या बायका म्हणतात तसं म्हणाल्या, "वच्छला, हा मले देऊन टाक वो."

यावर काय बोलायचं ते ठरलेलं असतं. 'न्या, न्या, रात्री रडला की तुम्हीच आणून द्याल.' मग सगळ्या हसतात. मी म्हणाले, "न्या."

जाऊबाई हसत होत्या त्या थांबल्या. "खरं म्हनतेस?"

"तुम्हाला नाही. आम्हाला अजून होतील. बकरीचं दूध पचतं त्याला."

हे पटणारंच होतं. हिशेब केला तर बरोबरच होतं. यांनी मला बाजूला नेऊन दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोहल्ल्यात बातमी पसरली, बायका मला बघायला आल्या – काय मन आहे! मी बाबूचे कपडे घड्या करून पिशवीत भरले, दुधाच्या वेळा सांगितल्या, पोट दुखलं तर ओवा कसा द्यायचा ते सांगितलं. बस सुटली. घरी येऊन मी राहिलेल्या ब्लाउजला हुक लावले.

त्या रात्रीपासून मी सलग झोपले. पण छातीतून दूध यायचं. ब्लाउज ओला व्हायचा, मी तो बदलायचे, धुवायचे, वाळत घालायचे. रडले नाही. आत्याबाई दोरीवरचे ब्लाउज बघायच्या आणि माझं तोंड बघायच्या.

मग एका दुपारी हे डेपोत गेल्यावर त्या म्हणाल्या, "आज मशीन राहू दे. निज."

मी बाजेवर पडले, पदर ओढला. त्यांनी तो काढला.

"तोंडावर नको घेऊ."

"माशा बसतात."

"मी हाय ना."

त्यांनी ओल्या हाताने माझं तोंड पुसलं, केस मागे सारून विंचरले, माझी रोजची लहान टिकली लावली. दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. कुसुमला शेजारी पिटाळलं आणि उशाशी बसून विंझणा हलवायला लागल्या. मी विचारलं, काय करताय? त्या म्हणाल्या, "काई नाई. गर्मी हाय." डोळे मिटताना त्यांचा आवाज ऐकला, दाराकडे तोंड करून, अगदी हळू. "ये वच्छला. घर तुहंच हाय. किती येळ बसशीन?"

मी ओट्यावर होते. ढुंगणाखाली दगड गरम, मांडीवरचे कपडे ओलेच. आतून कोणी बोलावलं म्हणून उठले. दारातून पाहिलं तर बाजेवर एक बाई झोपलेली. किती थकलेली दिसते, असं मनात आलं, आणि मग – अरे, ही तर मीच. उंबरा ओलांडला. बाजेजवळ गेले. शेजारची जागा रिकामी होती.

मी उठून बसले. उजेड एकदम डोळ्यांत घुसला, विंझण्याचा वारा गालाला लागला, बोटातली जुनी जखम ठणकली... सगळं एकाच वेळी. मी विचारलं, "बाबू कुठे आहे?"

आत्याबाईंचा विंझणा थांबला.

"लांजीले," त्या म्हणाल्या.

मला सगळं आठवत होतं. घड्या, ओवा, बस. काहीही विसरले नव्हते, हेच तर वाईट. मी किती वेळ ओरडत होते ते आत्याबाईंना माहीत. शेवटी त्यांनी माझं तोंड छातीशी दाबून धरलं आणि कानात म्हणाल्या, "म्या काय केलं ते त्याले सांगू नको. शब्द देल्ला हाय म्या." विहारातल्या पुढच्या वंदनेला आत्याबाई सगळ्यांच्या मागे जाऊन बसल्या. त्याआधी त्या कायम पहिल्या रांगेत असायच्या.

यांना संध्याकाळी सांगितलं, मला मूल परत हवं. त्यांनी अंगातला सदरा काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "मी नाई येनार. दादाले काय तोंड दाखवू? तुनं देल्लं, तूच जाय."

सकाळच्या बसने मी लांजीला गेले. जाऊबाई दारात पाय लांब करून बसल्या होत्या, पायांवर बाबू, तेल लावून अंघोळ चाललेली. मला पाहून त्यांचा हात थांबला नाही.

"कायले आली ते समजलं मले. बस. पानी टाकून होऊ दे."

मी बसले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हणाले, "जाऊबाई, चूक झाली माझी."

"चूक?" त्यांनी बाबूच्या पाठीवर पाणी ओतलं. "म्या हासून मांगतलं होतं. तू हासून न्या म्हनाली असती त म्या हासूनच सोडलं असतं. तू हासली नाईस, वच्छला."

"मी तेव्हा भानावर नव्हते."

"कपडे घडी घालून देल्ले तुनं. दुधाच्या येळा सांगतल्या. ओवा सांगतला. भानावर नसलेली बाई असं करते?"

मी काय सांगणार होते? की कपडे घडी घालणारी मी नव्हे? मी तेव्हा आमच्या ओट्यावर बसले होते? बोलले असते तर त्यांनी मला वेडी म्हटलं असतं, किंवा त्याहून वाईट, खोटारडी. 

त्यांनी बाबूला पुसलं, धुतलेलं झबलं घातलं. ते त्यांनी नवीन शिवून घेतलं होतं, गळा मोठा झाला होता. मग त्याला माझ्या मांडीवर ठेवला. तो लगेच तोंड खुपसायला लागला. जाऊबाईंनी एकदा पाहिलं, पाण्याची बादली उचलली आणि मागे परसात गेल्या. बस यायच्या वेळेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. भासरे पिशवी घेऊन स्टँडवर सोडायला आले. बस सुटताना त्यांनी खिडकीतून बाबूच्या पायाला हात लावला.

यानंतर भांडण असं कधी झालं नाही. लग्नाकार्यात भेटतो. जाऊबाई माझ्या ताटात वाढतात, माझी तब्येत विचारतात. मुलगा आता अकरावीला आहे, त्यांच्या पाया पडतो, त्या डोक्यावर हात ठेवतात. त्याचं नाव मात्र घेत नाहीत. 'वच्छलाचा पोरगा' म्हणतात.

काही वर्षांपूर्वी नागपूरला एका डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. बाळंतपण, कित्येक दिवसांची अपुरी झोप – अशा माणसाला जाग येते पण स्वप्न पुरतं सुटत नाही, म्हणाल्या. स्वतःचे हात परक्याचे वाटतात, घरची माणसं पडद्यामागे गेल्यासारखी. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. ओठांवर काजळाचं बोट फिरलं म्हणून स्वप्नात मिशा आल्या. आणि बऱ्या कशा झालात, तर झोप मिळाल्यामुळे. मूल घरात नव्हतं म्हणून तर तुम्हाला रात्री सलग झोप लागली, हे त्या अगदी सहज बोलून गेल्या. म्हणजे जाऊबाईंनी बाबूला नेला म्हणून मी परत आले, आणि परत आल्यावर पहिलं काम काय केलं, तर त्यांच्याकडून त्याला काढून घेतला.

ओल्या कपड्यांचं काय, मी विचारलं. लहान मुलं काहीही सांगतात, असं उत्तर मिळालं. असेल. पण ते लुगडं कुसुमने कधी पाहिलेलंच नव्हतं.

कुसुम आता गोंदियाला असते, तिला दोन मुली आहेत. घरात कोणी झोपलं असेल तर मुलींना त्या खोलीत जाऊ देत नाही. आत्याबाई जाण्यापूर्वी तिला सगळं सांगून गेल्या, तेव्हापासून तिने मनात धरलं आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आली होती, भांडी घासता घासता म्हणाली, "वहिनी, माह्यामुळंच झालं नं? मोठ्या वहिनीचं घर माह्या हातानं..." मी म्हणाले, मूर्खपणा करू नकोस, मला झोप नव्हती, एवढंच. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिला दोनदा समजावलं. तिला जरा बरं वाटलं.

पण तिला सांगितलं तेच खरं असेल तर कपड्यांच्या घड्या मीच घातल्या होत्या. 'न्या' म्हणाले ती मीच, आणि जाऊबाईंना द्यायला माझ्याकडे काही उत्तर नाही. जाऊबाईंना उत्तर द्यायचं तर आत्याबाईंचं म्हणणं खरं मानावं लागेल, आणि मग त्या अकरा वर्षांच्या पोरीच्या बोटाला लागलेलं काजळ पुसता येणार नाही. दोघींना एकाच वेळी मोकळं करील असं स्पष्टीकरण मला आजवर सापडलेलं नाही. खरं काय झालं होतं, ते तर मुळीच माहीत नाही.

जाऊबाईंना वाचता येतं. दीक्षेनंतर प्रौढांचे वर्ग निघाले होते, त्यात शिकल्या. मला वाटलं, हे सदर छापणारा अंक लांजीला जात नसेल, म्हणून इथल्या बस स्टँडवरच्या पेपरवाल्याला सहज विचारलं.

"जातो ना बाई," तो म्हणाला. "एक जातो. सायकलच्या दुकानात."

मी पोस्टाची तिकिटं घेतली आणि या लेखाच्या पाकिटावर चिकटवली. एवढ्या शेवटच्या ओळी लिहून झाल्या की ते इथल्याच पेटीत टाकते.